मे महिन्याचं बिल २८६ युनिटवरून १९८ वर आणलं, त्याची सगळी पद्धत (सांगलीच्या घरातनं)

मागच्या मे महिन्यात आमचं लाईटबिल २८६ युनिटचं आलं. घरात एसी नाही, माणसं पाच, चार फॅन, एक फ्रिज, एक कूलर आणि बाकी सगळ्यांकडं असतं तेच सामान. यंदाच्या मे महिन्यात उन्हाळा काही कमी नव्हता तरी १९८ आलं. बहिणीनं साताऱ्याहून फोन करून विचारलं की नेमकं काय केलंस ते क्रमानं सांग, तिला सांगता सांगता वाटलं की हे नीट लिहूनच काढावं, म्हणजे अजून चार घरांना उपयोग होईल. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, काहीही विकत घ्यायच्या आधी मोजा. आम्ही पहिली दोन वर्षं न मोजता नुसते बल्ब बदलत बसलो आणि बिल होतं तिथंच राहिलं.

आधी बिल उघडून बसा

बिलाची फक्त खालची रक्कम बघायची आणि भरून टाकायचं ही सवय सोडा. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्यानं लागतं, पहिले १०० युनिट एका दरानं, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि त्याच्या वर अजून महाग. २०२४-२५ च्या दरात पहिल्या टप्प्याला वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता आणि दुसऱ्याला १० रुपये २९ पैसे, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. त्यावर प्रत्येक युनिटला वहन आकार १ रुपया १७ पैसे आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, तुमच्या चालू बिलावर आत्ताचे छापलेले असतात तेच धरा, पण टप्प्यांची रचना डोक्यात ठेवा.

इथं एक गैरसमज फार लोकांचा आहे, की १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळेच युनिट महाग लागतात. तसं नाही, पहिले १०० स्वस्तातच लागतात, फक्त वरचे महाग. पण याचा आपल्या फायद्याचा अर्थ असा की तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात महाग युनिट असतं. आमच्या हिशोबात १० रुपये २९ पैसे अधिक १ रुपया १७ पैसे आणि वर १६ टक्के, म्हणजे एक युनिट वाचलं की साधारण १३ रुपये वाचले. हा १३ चा आकडा मी स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लिहून ठेवला होता, कारण "एवढ्याशानं काय होतंय" असं घरात कुणी म्हटलं की तो दाखवता येतो.

बिलावर अजून दोन गोष्टी बघा. चालू रीडिंग तुमच्या मीटरवरच्या आकड्याच्या जवळपास आहे का, आणि बिल रीडिंगवर आलंय की सरासरीनं. सरासरीचं असेल तर मीटरचा फोटो काढून लगेच तक्रार करा, १९१२ वर फोन करता येतो, उगं दोन-तीन महिने जाऊ देऊ नका कारण मग एकदम मोठी रक्कम जुळवून येते. आणि कागदी बिल बंद करून ई-बिल घेतलं की वर्षाचे १२० रुपये सुटतात, बिल आल्यावर तत्पर भरणा सूट ज्या तारखेपर्यंत लिहिलेली असते त्याच्या आत भरलं की अजून थोडे. किरकोळ आहे पण त्याला कष्ट काहीच नाहीत.

मग मीटरपाशी उभं राहा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा सविस्तर सांगते.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, आणि मीटरवरच कुठंतरी ३२०० किंवा १६०० किंवा ६४०० असा इम्पल्सचा आकडा छापलेला असतो. ३२०० म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. यावरून आत्ता या क्षणाला घर किती वॅट खातंय ते काढता येतं. दोन लुकलुकींच्या मधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं. मीटर १६०० चा असेल तर २२५० ला भागायचं, ६४०० चा असेल तर साधारण ५६२ ला. समजा ३२०० च्या मीटरवर १५ सेकंदांनी एकदा लुकलुकला तर ७५ वॅट, म्हणजे एक जुना फॅन चालू आहे.

आम्ही हे रात्री साडेदहाला केलं. फॅन बंद, दिवे बंद, कूलर बंद, टीव्ही रिमोटनं बंद, फ्रिजची पिन काढलेली. मुलगा मोबाईलचं स्टॉपवॉच धरून मीटरपाशी, मी टॉर्च घेऊन. अपेक्षा अशी की दिवा जवळजवळ थांबेल, पण तो दर १९ सेकंदांनी लुकलुकत होता. ११२५ भागिले १९, म्हणजे ५९ वॅट! सासूबाई मागं उभ्या होत्या, म्हणाल्या, "अगं सगळं तर बंद केलंय की, मग हे कोण खातंय?" साठ वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला जवळजवळ दीड युनिट, महिन्याला ४३, आणि १३ रुपयांनी साडेपाचशेच्या वर. हे आम्ही वर्षानुवर्षं भरत होतो.

मग एकेक गोष्ट काढत गेलो. टीव्हीच्या बोर्डचं बटण बंद केलं, म्हणजे सेट टॉप बॉक्स गेला, १२ वॅट कमी. सेट टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी आत चालूच असतो, हे लक्षात ठेवा. राऊटर ८. इन्व्हर्टर साधारण १५. आणि तरी २५ वॅट उरले. तेव्हा एमसीबी (मेन बोर्डातले खोलीवार खटके) एकेक करून पाडले, मागच्या खोलीचा आणि मोरीचा पाडला आणि दिवा थांबला.

त्या खोलीत एकही वस्तू लावलेली नव्हती.

आमचं घर गावभागाकडं, २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात खालच्या मजल्यात कमरेइतकं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर भिंती रंगवल्या, बोर्ड बदलले, पण भिंतीतल्या पाईपमधली वायर तशीच राहिली. त्यावेळी ज्यांनी काम केलं त्यांनी "वाळलंय आता, चालतंय" म्हणून सोडून दिलं, आणि आम्हालाही तेव्हा घाई होती. यावेळी दुसऱ्या वायरमनना बोलावलं, त्यांनी मेन स्विच पाडून मोरीजवळचा जोडणीचा डबा उघडला तर आत वायरवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय चढलेली, इन्सुलेशन टेप काळी पडून चिकट झालेली आणि डब्याच्या कोपऱ्यात ओल. तिथून थोडा थोडा करंट भिंतीत उतरत होता आणि मीटर तो मोजत होता. मीटरवर अर्थिंगचा वेगळा दिवा असतो, तो आमच्याकडं कधीपासून पेटलेला होता कुणास ठाऊक, आम्ही कधी वर बघितलंच नव्हतं. तुमच्या मीटरवर तो दिवा पेटलेला दिसला तर लीकेज असू शकतं, किंवा तुमची न्यूट्रल शेजारच्या घराशी नाहीतर भाडेकरूच्या लाईनशी मिसळलेली असू शकते.

ती वायर पूर्ण बदलली, आणि मेनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) बसवून घेतला. बिलाचं सोडा, ओल्या मोरीत अनवाणी उभं राहणाऱ्या माणसाचा जीव त्यानं वाचतो. सांगली, हरिपूर, पलूसकडची गावं, कराड, जिथं जिथं २०१९ ला किंवा २०२१ ला पाणी घरात शिरलं होतं त्यांनी ही तपासणी कराच, आणि डबे स्वतः उघडू नका, मोजण्याचं काम आपलं, उघडण्याचं वायरमनचं.

वायर बदलली, रात्री टीव्हीचा आणि राऊटरचा बोर्ड बंद करायची सवय लावली, आणि तो शांत असतानाचा लोड ६० वरून २० वॅटवर आला. आता दिवा ५६ सेकंदांनी लुकलुकतो. हा फरक चोवीस तास धरला तर महिन्याला २९ युनिट एवढ्यातच कमी.

इन्व्हर्टरबद्दल एक. बॅटरी चार-पाच वर्षं जुनी झाली की ती भरल्यावरसुद्धा चार्जिंग ओढत राहते आणि हाताला गरम लागते. इन्व्हर्टर बंद करून आणि चालू करून मीटरची लुकलुक मोजा, फरक ४०-५० वॅट असेल तर बॅटरी दाखवून घ्या. डिस्टिल्ड वॉटरची पातळीही दोन-तीन महिन्यांनी बघायची, नळाचं पाणी चुकूनही घालायचं नाही.

फॅन, कारण आपल्याकडं तेच सगळ्यात जास्त चालतात

लोक एसी आणि गीझरला घाबरतात पण एसी नसलेल्या घरात उन्हाळ्याच्या बिलात सगळ्यात मोठा वाटा फॅनचा असतो. साधा सीलिंग फॅन फुल स्पीडला ७० ते ८० वॅट घेतो. आमचे दोन फॅन, हॉलचा आणि सासूबाईंच्या खोलीतला, दिवसाला १५ तास चालतात, बाकीचे दोन आठेक तास. म्हणजे चार मिळून ४६ तास, ७५ वॅटनी दिवसाला ३.४५ युनिट आणि महिन्याला १०३. एकूण २८६ पैकी १०३!

बीएलडीसी फॅन, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस डीसी मोटारीचा, तेवढ्याच वाऱ्याला २८ ते ३५ वॅट घेतो. आम्ही चारही बदलले नाहीत, फक्त जास्त चालणारे दोन बदलले, कारण आठ तास चालणाऱ्या फॅनचे पैसे वसूल व्हायला खूप वेळ लागतो. दोन फॅनमध्ये महिन्याला ४२ युनिट कमी झाले, म्हणजे साडेपाचशे रुपये. फॅन अडीच-तीन हजाराच्या आसपास मिळतो, हिवाळ्यात फॅन बंद असतात ते धरलं तरी वर्ष-सव्वा वर्षात पैसे निघतात. वीज कमी दाबाची असली तरी त्याचा वारा कमी होत नाही आणि इन्व्हर्टरवर दुप्पट वेळ चालतो, हे संध्याकाळी लाईट गेल्यावर कळतं.

बसवताना एक काळजी, रिमोटचा बीएलडीसी फॅन भिंतीवरच्या रेग्युलेटरमधून जोडायचा नाही, रेग्युलेटर काढून सरळ स्विचला जोडायचा, नाहीतर आतला सर्किटबोर्ड जातो. आणि जुने फॅन ठेवताय त्यांच्यासाठी दोन स्वस्त गोष्टी: मोठा चौकोनी गरम होणारा रेग्युलेटर असेल तर तो बदला, तो स्पीड कमी केला तरी उरलेली वीज उष्णतेत घालवतो, आणि फॅन हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो, तो किरकोळ पैशात येतो. पाती पुसा, हे सांगायला नको.

फ्रिज

फ्रिज चोवीस तास चालतो म्हणून त्याच्याकडं दुर्लक्ष होतं. दाराच्या फटीत दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघून आली तर रबर सैल झालंय, तिथून थंडावा बाहेर जातो आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. आमची खालच्या कोपऱ्यात अलगद निघाली. आधी कोमट पाण्यात सोडा घालून रबर घासलं, चिकट तेलकट थर निघाला आणि निम्मी बाजू धरायला लागली, उरलेल्यासाठी रबर बदलून घेतलं. मग फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढं ओढला आणि त्याच्यावरचे डबे आणि कापडी झालर काढली, मागून आणि बाजूनं हवा खेळायलाच पाहिजे. फ्रीजरमध्ये बर्फाचा बोटभर थर चढू द्यायचा नाही. तापवलेलं दूध गार झाल्याशिवाय आत नाही, यावर आमच्याकडं रोज बोलावं लागतं. एवढ्यानं महिन्याला नऊ युनिट कमी झाले.

नवीन घ्यायचा असेल तर नुसते स्टार मोजू नका, लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते वाचा. ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे बीईई स्टारचे निकष मधून मधून कडक करतं, त्यामुळं जुन्या सालाचा पाच स्टार आजचा पाच स्टार असेलच असं नाही, लेबलवरचं सालही बघा. आणि जुना फ्रिज "बिअर-पाण्याला" म्हणून माळ्याखाली चालू ठेवू नका, दोन फ्रिज म्हणजे दोन बिलं.

छत

एप्रिल-मे मध्ये सांगलीत चाळीसच्या आसपास पारा जातो आणि आरसीसी स्लॅब दिवसभर तापून रात्री दहा वाजेपर्यंत खोलीत धग सोडत राहतो. पूर्वीच्या माळवदाच्या घरात जाडजूड मातीमुळं दुपारी गारवा असायचा, आता ते छत नाही तर निदान ऊन तरी परतवायला हवं. गुढीपाडव्याच्या आधी आम्ही गच्ची झाडून, धुवून, वाळवून तिला चुना मारतो. कळीचा चुना आदल्या रात्री पाण्यात भिजवायचा, सकाळी गाळून त्यात थोडं फेविकॉल मिसळायचं म्हणजे पायाला लागत नाही, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोन हात, मध्ये एक दिवस सोडून. चुना भिजवताना तो उकळल्यासारखा तापतो, म्हणून प्लास्टिकची बादली नको, पत्र्याचं पिंप घ्या, चष्मा आणि हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा. पावसात तो धुपतो, दरवर्षी परत मारावा लागतो, पण खर्च रंगाच्या मानानं फारच कमी. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी नेट लावली, पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेर ऊन अडवणं चांगलं कारण काचेतनं आत आलेली उष्णता आतच राहते.

कूलर आपल्याकडच्या कोरड्या हवेत मे महिन्यात उत्तम चालतो, १५०-२०० वॅटमध्ये काम होतं, फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत तो नुसती चिकचिक करतो. एसी असणाऱ्यांनी २४ च्या खाली जाऊ नये, एक अंश वाढवला की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते असं बीईई सांगतं, २६ वर ठेवून हळू फॅन लावला की पुरतं.

गरम पाणी

हे माझ्या माहेरच्या लोकांसाठी, साताऱ्याच्या थंडीत गीझरशिवाय भागत नाही. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० पर्यंत न्यायला ०.७ युनिट लागतात, यात कुठलाही ब्रँड चमत्कार करू शकत नाही, हे पाण्याचं गणित आहे. त्यामुळं वाचवायचं ते दोन ठिकाणी: थर्मोस्टॅट ५० वर आणायचा, कारण एवीतेवी आपण त्यात गार पाणी मिसळतोच, आणि सगळ्यांनी एकामागोमाग अंघोळी उरकायच्या. सकाळी सहाला चालू करून नऊपर्यंत ठेवला तर तो मधे मधे पुन्हा तापवत राहतो. बोअरचं पाणी असेल तर एलिमेंटवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि एलिमेंट लवकर जळतो, वर्षातनं एकदा साफ करून घ्या. स्वतःची गच्ची असेल तर सोलर वॉटर हीटर हा यावरचा खरा उपाय, साताऱ्यात चार महिने पावसाचे सोडले तर गीझरचं बटण दाबायची वेळ क्वचितच येते.

मोटारीचं थोडक्यात: टाकी भरून वाहायला लागल्यावर "मोटार बंद करा" म्हणून ओरडण्यापेक्षा फ्लोट स्विच बसवा, वीज आणि पाणी दोन्ही वाचतं. पाणी वर यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर फूटव्हॉल्व्ह (पाण्यात बुडालेल्या पाईपच्या टोकाचा व्हॉल्व्ह) गळत असेल, तो आधी बघा.

गॅसचंही सांगते कारण तोच १४.२ किलोचा सिलिंडर आमच्याकडं आता आठवडाभर जास्त जातो. तुरीची डाळ अर्धा तास भिजवून कुकरला लावायची, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, मोठ्या आचेवर शिट्ट्या मारत राहिल्या तर नुसती वाफ जाते, डाळ काही लवकर शिजत नाही. ज्योत पिवळी दिसली की बर्नरची भोकं पिननं साफ करा. भाकरी करताना एकदा तवा तापला की सलग सगळ्या करून घ्या, एक आत्ता आणि दोन नंतर असं करू नका.

सोलर सगळ्यात शेवटी

मुद्दाम शेवटी लिहितेय. गच्चीवर सोलर बसवायला केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये सुरू झाली, त्यात १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याच्या वर ७८,००० रुपये अनुदान आहे. १ किलोवॅट साधारण दिवसाला ४ युनिट देतं आणि १०० चौरस फूट जागा घेतं. नेट मीटर बसतो, दिवसा जादा झालेली वीज महावितरणकडं जाते आणि आपल्या वापरातनं वळती होते. लाईट गेली की हे पॅनेलही बंद पडतात, लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून तसं केलेलं असतं, तेव्हा सोलर लावलं म्हणजे भारनियमनाची चिंता मिटली असं समजू नका.

मागच्या वर्षी एकजण घरी येऊन २८६ चं बिल बघून ३ किलोवॅट सांगून गेले होते. आता वर्षभराचे बारा आकडे वहीत आहेत, महिन्याची सरासरी १४० च्या आत आली आहे, आणि १ किलोवॅटमध्ये महिन्याला १२० च्या आसपास निघतात, उरलेले स्वस्त टप्प्यात बसतात. म्हणून आम्ही १ किलोवॅटचाच अर्ज करणार आहोत. त्याआधी गच्चीवर सावली बघून ठेवायची आहे. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता पाण्याच्या टाकीची आणि शेजारच्या आंब्याची सावली कुठवर येते तिथं खडूनं रेघ मारायची आणि तेवढी जागा सोडून पॅनेल घ्यायचे. हे डिसेंबरातच करा, तेव्हा सावली सगळ्यात लांब पडते, मे महिन्यात मोकळी दिसणारी जागा डिसेंबरात टाकीच्या सावलीत गेलेली असते.